रक्त गाळणारा उंबरठा

"आधी कोरडं फडकं, मग ओलं. उलटं केलंस तर घाण निघत नाही, नुसती पसरते." पहिल्याच दिवशी एवढं सांगून सासूबाईंनी देवस्थानाचा उंबरठा रोज पुसायचं व्रत माझ्या हाती दिलं. अकरा वर्षं पुसला. मग युद्ध आलं, पूल बंद झाला आणि देवस्थान पलीकडे राहिलं.

परवा चौकात तोबा गर्दी. साक्षीबाबा म्हणवणारा कुणी एक त्या उंबरठ्याचा काजळलेला तुकडा घेऊन आला होता. देवस्थान जाळलं म्हणे, 'त्या लोकांनी'. त्या लोकांचं आमच्या गल्लीत एकच घर, घड्याळजी आणि त्याची बायको. दोघं आतून कडी घालून बसली होती. गर्दीतल्या निम्म्या हातांत काठ्या.

"बोल, शिळे! कुणी जाळलं तुला? याच्याच भाईबंदांनी ना?" घड्याळजीच्या दाराकडे बोट करत बाबाने दगडावर तांब्यातलं पाणी ओतलं. दगडावरून लाल धार लागली.

"रक्त! देवाचं रक्त!"

दगडाला कान नसतात, पण बाबाला गर्दीची नाडी पक्की ठाऊक होती.

मी पुढे झाले. "बाबा, माझं व्रत खंडलंय. एकदा पुसू द्या."

"पुसू द्या हो वहिनींना!" दूधवाला ओरडला. "अकरा वर्षांची सेवा आहे!"

बाबा गोड हसला. "पूस, माई. हं, फडकं ओलं करून घे."

"आधी कोरडं."

"देवाला कोरडं चालत नाही!"

"आमच्या देवाला चालतं."

मागची बाजू बाबाने पुढच्या खेळासाठी कोरडीच राखली होती. ती मी दाबून पुसली, तीनदा. मग त्याच्याच तांब्यातलं पाणी ओतलं. धार निघाली ती पाण्याचीच.

"का हो बाबा, रक्त आटलं?" भाजीवालीने विचारलं.

"आटलं कुठलं, इथे आहे." मी फडकं भिजवून पिळलं. बोटं लाल झाली. "काजळीत रंगाची पूड. कोरडी असेतो दिसत नाही, पाणी लागलं की रक्त. आणि आमच्या उंबरठ्याला गुडघे टेकून टेकून खळगा पडलाय. हा सपाट आहे."

"नास्तिक बाई!" बाबा किंचाळला.

"मी? रोज पहाटे देवाचं करते ती?"

कुणीतरी फिसकन हसलं. तांब्या तिथेच टाकून बाबा सटकला.

"म्हणजे देवस्थान शाबूत!" दूधवाला नाचायचाच बाकी.

"हे तरी कुणी पाहिलंय? दगड खोटा निघाला, एवढंच कळलं. पूल उघडला की मी जाऊन बघते. जळलं असेल तर जळलं म्हणेन. पण घड्याळजी पूल बंद झाल्यापासून इथेच बसून तुमचीच घड्याळं लावतोय. मी येईतो त्या दाराला हात लावायचा नाही."

"खरं तेच सांगाल?"

"शब्द दिला."

काठ्या खाली आल्या, पण कुणी घरी नेऊन ठेवल्या नाहीत.

देवावर श्रद्धा ठेवा, मीही ठेवते. पण देवाचं नाव घेऊन कुणी शेजाऱ्याच्या दाराकडे बोट दाखवलं, तर आधी विचारा, तू पाहिलंस का?

आज सकाळी पायी जाणाऱ्यांसाठी पूल उघडला. मी पिशवीत दोन फडकी घातली, कोरडं वर. घड्याळजीच्या दाराला अजून आतून कडी होती. आतली दोघं दचकू नयेत म्हणून आवाज न करता मी दारावरून पुढे झाले आणि पुलाची वाट धरली.