चौऱ्याण्णव कलमं

आमच्या पडद्यांच्या कारखान्यात बातम्या कात्रीबरोबर येतात. कापड बेतणारा माणूस लांब टेबलाच्या टोकाशी फोन उभा करून ठेवतो, एकीकडे कापडाच्या घड्या सरळ करतो आणि दुसरीकडे जगात कोणतं नवीन यंत्र निघालं ते वाचून दाखवतो. वर स्वतःचं मतही देतो, न विचारता. त्याला सगळे बातमीदारच म्हणतात.

त्या सोमवारीही तो सकाळपासून सुरू होता.

"आता म्हणे असा फ्रिज आलाय, दार जास्त वेळ उघडं राहिलं तर घरातल्या सगळ्यांच्या फोनवर निरोप जातो."

"आमच्याकडे सासूबाई आहेत," धांदल म्हणाली. "फ्रिजपेक्षा लवकर पोचतो निरोप."

धांदल माझ्या शेजारच्या मशीनवर बसते. सुईत दोरा ओवायच्या आधीच पायडल मारते, म्हणून हे नाव. तिच्यापलीकडे खिडकीशी मालकीणबाई, चष्मा कपाळावर चढवून मापांची वही बघत असतात.

"आणि काकू, ही बातमी तुमची," बातमीदार माझ्याकडे वळला. "हाक बंद होतंय. शनिवारी."

माझा हात मशीनवरच थांबला. हाक म्हणजे फोनवरचं एक साधं ॲप. बोट दाबून बोलायचं, की समोरच्याला आपला आवाज पोचतो. लिहायची कटकट नाही. माझी थोरली बहीण त्यावर मला रोज सकाळी एक निरोप पाठवायची. कधी शेजारच्या मांजराबद्दल, बहुतेक वेळा इंटरनेटवर वाचलेल्या कुठल्यातरी बातमीबद्दल. तिची मतं ठाम असायची आणि माहिती अर्धी. मग दोन वर्षांपूर्वी तिच्या घशाचं ऑपरेशन झालं. जीव वाचला, आवाज गेला. आता ती फोनवर मोठ्या अक्षरांत टाइप करते आणि तो समोर धरते. तिचा खरा आवाज उरलाय तो त्या चारशे बारा निरोपांत, माझ्या फोनमध्ये. म्हणजे मला वाटत होतं फोनमध्ये. बातमीदाराने समजावलं की फोनमध्ये काही नसतं, सगळं कंपनीकडे असतं.

"घाबरू नका. दुसऱ्या एका कंपनीने हाक घेतलंय. तिच्या अटी मान्य केल्या की जुनं सगळं तिकडे आपोआप जाईल. नाहीतर शनिवारी सफाई. आणा फोन, एक मिनिटाचं काम."

त्याने फोन घेतला, चार ठिकाणी बोट मारलं आणि परत माझ्यासमोर धरला. एक रिकामा चौकोन होता. त्याच्यापुढे लिहिलं होतं: मी सर्व अटी वाचल्या आहेत व त्या मला मान्य आहेत.

"इथे टिक करा."

"पण मी वाचल्या नाहीत."

"कुणीच वाचत नाही, काकू."

"इथे तर वाचल्या आहेत असं लिहिलंय."

बातमीदाराने मालकीणबाईंकडे पाहिलं. कारखान्यात सगळ्यांना ठाऊक आहे, मी रोज सकाळी देवापुढे हात जोडून त्या एका दिवसापुरता नेम घेते, की आज खोटं बोलणार नाही आणि लिहिणार नाही. फक्त आजचा दिवस. उद्याचं उद्या. चुकून बोलले तर रात्रीचं जेवण नाही. बावीस वर्षांत बरीच जेवणं चुकली आहेत, त्यामुळे मी काही फार मोठी सत्यवादी आहे असं नाही.

"अहो, टिक म्हणजे काय बोलणं का?" मालकीणबाई म्हणाल्या.

"खाली माझं नाव येतंय ना, बाई."

"मग एक रात्र उपाशी राहा आणि मोकळ्या व्हा," धांदल म्हणाली.

तसं करता आलं असतं. पण जेवण चुकतं ते चूक झाली म्हणून. ठरवून खोटं लिहायचं आणि मोबदल्यात उपास द्यायचा, हा तर देवाशी व्यवहार झाला. मी विचारलं, "किती आहेत अटी?"

बातमीदाराने बोटाने फोनवरचा मजकूर वर सरकवायला सुरुवात केली. सरकवत राहिला. "चौऱ्याण्णव कलमं," तो शेवटी म्हणाला. "अजून पोटकलमं मोजली नाहीत."

"शनिवारपर्यंत वाचून होतील."

खरं सांगायचं तर मला उत्सुकताही होती. एवढं लिहिलंय कुणीतरी, बसून, आणि जगात कुणीच ते वाचत नाही. असं काय असेल त्यात?

पहिली अकरा कलमं मी दुपारच्या सुट्टीत वाचली. बारावं वाचताना हसू आलं, आणि ते बातमीदाराने पाहिलं.

"काय लिहिलंय?"

मी वाचून दाखवलं. "वापरकर्ता वाहन चालवत असल्यास, विमान उडवत असल्यास किंवा अणुभट्टी सांभाळत असल्यास सेवेच्या वापरामुळे होणाऱ्या परिणामांस कंपनी जबाबदार नाही."

"काकू, अणुभट्टी सांभाळता?"

"नाही."

"मग मान्य करा. पुढे चला."

तिथून ती माझी एकटीची गोष्ट राहिली नाही. दुसऱ्या दिवशी बातमीदाराने बातम्या बंद केल्या आणि स्वतःच्या फोनवर तीच कलमं उघडून मोठ्याने वाचायला घेतली. मराठी कुठल्यातरी यंत्राने केलेलं असावं, कारण एकोणतिसावं कलम असं होतं: वापरकर्त्याचा मृत्यू झाल्यास त्याने तीस दिवसांच्या आत कंपनीस तसे कळवावे.

"वर रेंज असेल तर," मालकीणबाई वहीतून मान वर न काढता म्हणाल्या.

"आणि नाही कळवलं तर काय करतील, खातं बंद?" धांदलने विचारलं.

"खातं चालू ठेवतील. तीच शिक्षा," बातमीदार म्हणाला.

धांदल एरवी कुठलीही गोष्ट पूर्ण ऐकत नाही, पण बुधवारी ती आल्या आल्या म्हणाली, "कालचं अर्धं राहिलं होतं ना? ती तिसरी पार्टी कोण ते कळलं का?" कलमांत सारखी कुणी तरी तिसरी पार्टी येत होती. पहिली पार्टी कंपनी, दुसरी मी. तिसरी कधी माहिती घ्यायची, कधी द्यायची, पण समोर येत नव्हती. धांदलला खात्री होती की शेवटी सगळं तिनेच केलेलं निघणार.

बुधवारी दुपारी घोटाळा झाला. एका दातांच्या दवाखान्याचे अकरा पडदे कापायचे होते. बातमीदार वाचण्यात इतका रंगला, की खालच्या दुमडीचं कापड धरायलाच विसरला. अकराच्या अकरा वीतभर आखूड. मालकीणबाईंनी टेप लावून पाहिली, चष्मा नाकावर आणला, आणि शांतपणे म्हणाल्या, "ह्याची जबाबदारी कुठल्या कलमात आहे ते शोध आता."

पडद्यांना खाली वेगळ्या रंगाची पट्टी जोडायचं ठरलं. पट्ट्या शिवता शिवताच एकसष्टावं कलम आलं. बातमीदार ते वाचता वाचता हळू झाला. पुन्हा पहिल्यापासून वाचलं त्याने.

वापरकर्त्याच्या खात्यातील सर्व आवाज, पाठवलेले व आलेले, नवे आवाज तयार करणाऱ्या यंत्रणेस शिकवण्यासाठी, तसेच जाहिराती व अन्य सेवांसाठी कंपनी वापरू शकेल.

"आलेले," मी म्हटलं.

"हो."

"म्हणजे माझ्या बहिणीचा आवाज."

"म्हणजे तुम्ही टिक केली तर... हो. उद्या कुठेतरी साबण विकेल तो आवाज. किंवा लिफ्टमध्ये सांगेल, दार बंद होत आहे."

मशीन बंद झाली होती. धांदल म्हणाली, "पण नाही केली तर शनिवारी सगळं जाणार."

कुणी विनोद केला नाही. मलाच राहवलं नाही म्हणून मी म्हटलं, "पुढचं वाचू. अजून तेहतीस आहेत."

संध्याकाळी मी थोरलीकडे गेले. तिचं घर माझ्या वाटेवरच आहे, दुसऱ्या मजल्यावर, दारापाशी कुंड्यांची रांग. एकसष्टावं कलम तिला दाखवलं. तिने दोनदा वाचलं आणि टाइप करायला घेतलं. तिला राग आला की अक्षरं मोठी होत जातात, ते मला माहीत आहे. आज अक्षरं साधीच होती.

"टिक करून टाक. मी कुठे वापरतेय तो आवाज."

"तुझा आहे, ताई. मी कशी देऊन टाकू?"

"मग नको करू. जाऊ दे सगळं."

"ते तुला चालेल?"

ती बराच वेळ टाइप करत होती. पुसत होती. शेवटी फोन समोर धरला तेव्हा त्यावर इतकंच होतं: "मी एकही परत ऐकलेला नाही."

मला हे माहीत नव्हतं. मी आठवड्यातून दोनदा तरी एखादा निरोप लावते, भाजी चिरताना, कपड्यांच्या घड्या करताना. मला वाटायचं तीही ऐकत असेल. तिने फोन मागे घेतला आणि परत पुढे केला.

"तू ऐकतेस?"

"हो."

"चारशे बारा?"

"सगळे नाही. मांजराचे जास्त."

ती हसली. आवाज नसलेलं हसू खांद्यांवर दिसतं.

गुरुवारी आम्ही कामाला भिडलो ते थेट बासष्टपासून. आपण ऐकत नाही असं आता कुणी भासवत नव्हतं. बातमीदाराने आता पडदे आधी कापले आणि मग वाचलं. सत्तर गेलं, ऐंशी गेलं. न्यायालय कुठल्या देशातलं, तक्रार कुठे, टपाल कुठे. अठ्ठ्याऐंशीवर तो अचानक थांबला आणि टेबलावर कात्री ठेवली.

"काकू, दार आहे."

"काय?"

"ऐका. ज्या वापरकर्त्यास या अटी मान्य नसतील, त्यास स्वतः पाठवलेल्या निरोपांची प्रत सेवा बंद होण्याच्या दिवसापर्यंत मागता येईल, आणि अशी प्रत दिल्यावर मूळ निरोप सर्व खात्यांतून पुसले जातील. टिक नको, काही नको. फक्त मागायचं."

"स्वतः पाठवलेल्या," मालकीणबाई म्हणाल्या. "म्हणजे हिने नाही. बहिणीने मागायला हवं."

"आणि पुढे?" मी विचारलं, कारण त्याच्या चेहऱ्यावर अजून काहीतरी होतं.

"पुढे असं आहे, की मागणाऱ्याची ओळख आवाजावरून पटवली जाईल."

धांदलने कपाळावर हात मारला. "ज्या बाईचा आवाज गेलाय, तिनेच बोलून दाखवायचं."

"हे नक्की त्या तिसऱ्या पार्टीचं काम," बातमीदार म्हणाला, पण मनापासून नाही.

शुक्रवारी संध्याकाळी थोरलीच्या स्वयंपाकघरात टेबलापाशी आम्ही दोघी बसलो. माझ्या हातात चौऱ्याण्णव कलमं वाचून झालेला फोन, तिच्या हातात तिचा. आदल्या संध्याकाळी अठ्ठ्याऐंशीवं कलम दाखवून मी तिला एवढंच म्हटलं होतं, "मला हवेत. पण तुला नको असेल तर मी परत विषय काढणार नाही." आज मी आले तेव्हा तिने आपणहून ते ॲप उघडून ठेवलेलं होतं.

प्रत मागण्याचं बटण दाबलं. फोनच्या पडद्यावर ओळ आली: आपल्या आवाजात, स्वतःच्या शब्दांत, आपण कोण आहात ते सांगा. आणि खाली एक लाल गोळा.

थोरलीने माझ्याकडे पाहिलं. मग माझा फोन ओढून घेतला, निरोपांची यादी वर सरकवत सरकवत पार पहिल्यापर्यंत गेली. ऑपरेशनच्या कितीतरी आधीचा, हाक नवीन घेतलं तेव्हाचा. मला कळलं ती काय करणार ते.

"ताई, हे चालेल का? त्यांना वाटेल तू आत्ता बोलतेस."

तिने झरझर टाइप केलं. अक्षरं मोठी. "आत्ता बोला असं कुठे लिहिलंय? तू वाचलंयस ना सगळं?"

मी वाचलं होतं. अठ्ठ्याऐंशीत फक्त आवाज तिचा असावा एवढंच होतं. मी परत एकदा काढून पाहिलं, पोटकलमांसकट. तोवर ती बोटाने टेबल वाजवत बसली होती.

"आवाज माझा. फोन धरणारा हात माझा. खोटं कुठलं ते सांग."

मला सापडलं नाही. खरंच सापडलं नाही. अजूनही कधी कधी शोधते.

तिने लाल गोळा दाबला आणि माझा फोन तिच्या फोनजवळ नेला.

"हॅलो. येतोय का आवाज? अगं, मी बोलतेय. तुझी थोरली. हे नवीन घेतलंय मी, ह्यात बोललेलं कुठे जातं कोण जाणे, पण जातं खरं. बरं, मीच आहे, दुसरी कुणी नाही."

स्वयंपाकघरात दोन वर्षांनी तो आवाज आला होता. थोरली हात तसाच धरून बसली, तो निरोप संपल्यावरही. पडद्यावर एक चक्र फिरत राहिलं. मी मनातल्या मनात जप करत होते, हे सांगायला लाज वाटत नाही.

आवाज जुळला. प्रत तयार होत आहे.

चारशे बारा निरोपांची एक फाइल आली, तिच्या फोनमध्ये. खरोखर फोनमध्ये. बातमीदाराने बजावल्याप्रमाणे मी ती आणखी दोन ठिकाणी ठेवून दिली. तेवढ्यात माझ्या फोनवरची यादी एकेक करून रिकामी झाली. ते कलमात लिहिलेलं होतं आणि मला मान्य होतं.

मी उठून पाणी प्यायले. परत आले तर थोरलीने कुठलातरी मधला निरोप लावला होता. तिचा आवाज तावातावाने सांगत होता, की चेहरा बघून उघडणारा फोन जुळ्यांच्या घरात ठेवणं म्हणजे भांडणाला आमंत्रण, आणि आपण झोपेत असताना तर कुणीही तो आपल्या तोंडासमोर धरून उघडेल, ह्या कंपन्यांना एवढं साधं कळत नाही.

थोरलीने तो थांबवला, भुवया आवळल्या, आणि टाइप करायला लागली. मला वाटलं काहीतरी मनातलं लिहितेय. मी खुर्ची जवळ ओढली.

"झोपेतलं चूक आहे. डोळे उघडे लागतात. ही बाई न वाचता बोलते."

आणि तिने पुढचा निरोप लावला.