डाव्या चाकाची तार

सासऱ्यांचा पाय गेला आणि त्याचं खापर मनिषाच्या डोक्यावर फुटलं. शिरढोणजवळ वासरू आडवं आलं, तिनं ब्रेक दाबला आणि गाडी घसरत थेट मोरीच्या कठड्यावर आदळली. शेजारच्या सीटवर बसलेल्या सासऱ्यांचा, आबांचा, पाय गुडघ्याखाली कापावा लागला. बाईच्या हाती गाडी दिली की असंच व्हायचं, हे सांगायला अख्खी आळी दवाखान्यात येऊन गेली. त्यातल्या निम्म्यांना मनिषानंच कधी ना कधी पनवेल स्टेशनला सोडलं होतं. पण बोलणाऱ्याचं तोंड कोण धरणार?

तिनं आबांचे पाय धरून माफी मागितली. म्हणजे, होता तो एक पाय धरून. आबांनी मान हलवली आणि तिच्या डोक्यावर हात ठेवला.

तरी एक गोष्ट तिच्या मनातून जाईना. तिनं स्टिअरिंग फिरवलं होतं आणि गाडी वळली नव्हती. एबीएसच्या गाडीत जोरात ब्रेक दाबला तरी चाकं अशी जाम होत नाहीत, गाडी वळवता येते, हे तिला मोबाइलवरच्या व्हिडिओत समजलं. चाक किती वेगानं फिरतंय ते सांगणारा सेन्सर प्रत्येक चाकाशी असतो. तो गप्प बसला की एबीएसही बंद. आणि डॅशबोर्डवरचा पिवळा दिवा तर धाकट्या दिराच्या, निकेशच्या, हळदीपासून पेटलेला होता. जुनी गाडी, दिवे पेटायचेच, असं तिचा नवरा प्रणित तेव्हा म्हणाला होता.

चेपलेली गाडी अंगणात ताडपत्रीखाली पडून होती. घरात कोणी नाही असं बघून मनिषानं जॅक लावला आणि विजेचा मीटर घेऊन बसली. सेन्सरच्या तारांना मीटर लावायचा आणि चाक हातानं फिरवायचं. सेन्सर चांगला असेल तर आकडा हलतो. तीन चाकांचा हलला. पुढच्या डाव्या चाकाचा शून्यावरच राहिला.

तार चाचपत गेल्यावर काळी पट्टी लागली. पट्टीखाली तार कापलेली होती, आणि शेजारी रंगीत दिव्यांची दुसरी वायर लोंबत होती. हळदीच्या रात्री निकेशची एंट्री झाली ती चाकं झगमगवत. अर्ध्या कामोठ्यानं व्हिडिओ काढले होते. हौस त्याची आणि भोग हिचे. मनिषाच्या तळपायाची आग मस्तकाला गेली.

प्रणित घरी आल्यावर तिनं तार त्याच्यापुढे धरली. तो चकित झाला नाही. तिथंच तिला सगळं कळलं, तरी तिनं विचारलं.

"तुना कवापासून म्हाईत हाय?"

"दवाखान्यातच सांगितला निकेशनं मना. पाया पडून रडला. भाव हाय माजा."

लोक तिला बोलत होते तेव्हा हा शेजारीच उभा होता. येणाऱ्याजाणाऱ्याला चहा देत होता. मनिषा उठली आणि आबांच्या खोलीकडे निघाली. प्रणितनं तिचा हात धरला.

"आबांना नको सांगू," तो म्हणाला. "तुना त्यांनी माफ केलाय. निकेशला नाय करनार."