हरण्याच्या पोटात नसलेली सुई

मी सुई बोलतेय. गोधडीची नव्हे, आणि इंजेक्शनची तर मुळीच नव्हे, तो अपमान मला सहन होत नाही. मी ॲक्युपंक्चरची सुई. अंगानं केसाएवढी, आत पोकळी नाही, दोरा ओवायला नेढं नाही. आम्हाला जन्मात एकच माणूस मिळतो, तोही अर्ध्या तासापुरता. मग डब्यात टाकतात, की संपलं! माझ्या नशिबी आली घाटंजीजवळच्या एका खेड्यातल्या उकंडाची कंबर.

कुठल्याशा कारखान्यात मला तासलं, पाकिटात बंद केलं. तिथून मी यवतमाळला अर्पिताच्या बॅगेत आले. अर्पिता ही उकंडाची भाची, नुकतीच ही विद्या शिकलेली. पोळ्याच्या दिवशी ती मामाकडे आली, तेव्हा मामा खाटेवर पालथा पडून कण्हत होता. सायटिकाची कळ खुब्यातून निघायची ती थेट टाचेपर्यंत. वाकणं तर सोडाच, शिंकायचीही चोरी!

त्याला दुखण्यापेक्षा दुसरीच काळजी खात होती. गावच्या तोरणाखालून पहिली बैलजोडी उकंडाची, हा मान त्याच्या आजोबापासूनचा. पण अट अशी, की मालकानं स्वतः कासरा धरायचा. नाहीतर मान गावातल्याच सदाशिवरावाचा. आणि सदाशिवरावानं बैल विकून ट्रॅक्टर घेतलेला.

"तो ट्रॅक्टरले झूल शिवून राह्यला, अर्पू!" उकंडा रडकुंडीला आला होता. "माह्या हरण्या बैलानं डिझेलच्या धुरात मांगं उभं राहावं काय?"

"मामा, हलू नका. अर्धा तास गप पडा," असं म्हणून अर्पितानं आम्हाला एकेक करून टोचलं. मला खुब्याची जागा मिळाली, सगळ्यात मानाची. त्याची बायको कांताबाई टक लावून पाहत होती.

"इच्यात दोरा कुठून ओवते व माय?" तिनं विचारलंच. मी कानाडोळा केला.

आदल्या दिवशी बैलांच्या खांद्याला तूप-हळद चोळताना या बाईनं नवऱ्याची पाठही चोळून घेतली होती. अर्पितानं स्पिरिटनं पुसलेले ठिपके सोडले, तर बाकी पाठ पिवळीधमक. वर शिंगांना लावून उरलेलं चमचमतं बेगड तिनं आमच्या डोक्यांना चिकटवलं. सणाच्या दिवशी घरधन्याच्या अंगावर नुसतं लोखंड बरं दिसत नाही म्हणे! तेव्हा अर्पिता रेंज मिळत नाही म्हणून गच्चीवर गेली होती.

तेवढ्यात डफडं वाजलं. आभाळ भरून आलं म्हणून गावानं पोळा लवकर भरवला होता.

"हलू नका म्हणलं डॉक्टरीणबाईनं," कांताबाई म्हणाली. "खाट हलवू नका, असं कुठं म्हणलं?"

झालं! चौघांनी खाट खांद्यावर घेतली. पालथा उकंडा, हातात हरण्याचा कासरा, पाठीवर चमचमणाऱ्या आम्ही. वाटेत एका म्हातारीनं खाट पाहिली आणि गळाच काढला. उकंडा वर तोंड करून ओरडला, "जित्ता हाव ना मी, आजी!" तर ती आणखीच घाबरली.

तोरणाखाली वाद पेटला. निजलेला मालक चालतो की नाही? सदाशिवरावाचा ट्रॅक्टर धडधडत मागे उभा. खाट खाली ठेवली, आणि हरण्याला तुपाचा वास लागला. त्यानं मामाच्या पाठीवरून जीभ फिरवली, ती मानेपासून कंबरेपर्यंत.

"अयायाया!" उकंडा उठून उभाच राहिला, धोतर सावरत. सुया चौफेर उडाल्या. मी मात्र खुब्यात, धोतराच्या आत तशीच.

अर्पिता धापा टाकत पोचली. तिनं मातीतल्या सुया वेचल्या, मोजल्या, पुन्हा मोजल्या. तिचा चेहरा उतरला.

"मामा, एक कमी आहे. हरण्यानं चाटलं का?"

डफडं बंद पडलं. बैलाच्या पोटात सुई म्हणजे काय, हे तिथल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. उकंडा पांढराफटक पडला. मग गुडघ्यांवर बसला, ओणवा झाला, आणि शेणामातीतून रांगत प्रत्येक काडी उलटून पाहू लागला. शिंकेला भिणारा माणूस! मी आतून ओरडतेय, अरे मी इथं आहे, इथं! पण सुईचं ऐकतो कोण?

"मामा, तोरण..." अर्पिता हळूच म्हणाली.

"जाऊ दे त्या ट्रॅक्टरले पयले! मले मान नाई पाह्यजे, माहा हरण्या पाह्यजे." तो हमसून रडत होता.

ट्रॅक्टर बंद झाला. सदाशिवराव खाली उतरला, आणि कडक इस्त्रीच्या कपड्यांनिशी उकंडाच्या शेजारी रांगू लागला. मग सगळा गाव रांगू लागला. बैल तेवढे उभे होते आणि माणसांकडे नवलानं बघत होते.

शेवटी सदाशिवरावानं उकंडाला काखेत धरून उठवलं. "थकला गड्या तू. बस जरा," म्हणत त्याला आपल्या ट्रॅक्टरच्या सीटवर टेकवलं.

उकंडानं जी बोंब ठोकली, ती दुसऱ्या गावी गेली असेल.

अर्पितानं सगळ्यांसमोर मला उपसून वर धरलं. मी पार वाकडी झाले होते. उकंडानं मला पाहिलं, धावत जाऊन हरण्याच्या गळ्यात पडला, आणि लहान लेकरासारखा हसू-रडू लागला.

"काहून थांबले बे?" सदाशिवराव कपडे झटकत खेकसला. "ने ना तुही जोडी!"

पहिली जोडी तोरणाखालून गेली. पलीकडे अर्पितानं विचारलं, "मामा, कळ कशी आहे?"

उकंडा जागीच थांबला. "आठवण कायले देली व, पोरी?" असं म्हणाला, आणि तिथून घरापर्यंत लंगडत गेला.

आता मी वापरलेल्या सुयांच्या डब्यात आहे. मी त्याचं दुखणं घालवलं, असं शपथेवर सांगणार नाही. तुमच्या नशिबी आमच्यापैकी कुणी आली, तर उठण्याआधी मोजून घ्या, एवढीच विनंती. माझ्यापुरतं म्हणाल, तर मी हरण्याच्या पोटात नाही हे कळल्यावर अख्खा गाव आनंदानं नाचला. सुईच्या जन्माला याहून काय पाहिजे!