डिमरचा दांडा

शेवटचा स्क्रू ओठांत धरून तिनं म्हशीच्या पाठीचं झाकण उघडलं आणि हात कोपरापर्यंत आत घातला. आत जुन्या धुळीचा आणि जळक्या रंगाचा वास होता. चाचपडत तिनं बल्बचा होल्डर शोधला, हलवून पाहिला. घट्ट होता. वायर तिनंच नवी घातली होती, अर्थिंगही पत्र्याला तिनंच कसलं होतं, आणि तरी सकाळपासून ती तेच तेच तपासत होती.

नाटकगृह पुन्हा उघडणार म्हणून तिथले सगळे जुने दिवे दुरुस्तीला तिच्या घरामागच्या खोलीत आले होते. बाकीचे घासूनपुसून, काळा रंग लावून भिंतीशी उभे होते. म्हैस तेवढी मागे राहिली होती. अंगानं आडवी, रंगानं काळीकुट्ट, उचलायला दोघं लागणार आणि तापली की फुसफुसणार, म्हणून तिच्या नवऱ्यानंच हे नाव ठेवलेलं. काही वर्षांपूर्वी याच दिव्यात हात घालून तो शिडीवर उभा होता. विजेनं त्याला धरलं ते सोडलंच नाही.

“बाबा, भिंग पुसून झालं का?”

खिडकीपाशी बसलेले मास्तर, म्हणजे तिचे सासरे, भिंग उजेडात धरून बघत होते. एके काळी त्यांनी नुसती बोटं उचलली की रंगमंचावर पहाट व्हायची. आता त्या बोटांना कंप सुटला होता. भिंग मांडीवरून घसरलं, फरशीवर आपटलं आणि आरपार तडकलं.

“वाढलं गं,” मास्तर ओशाळून म्हणाले.

“असू दे. दुसरं आहे.”

वाढलं! तणतणायचं म्हणून ठरवलं असतं तरी तिला हसू आलं असतं. मास्तरांच्या लहानपणी त्यांच्या आईनं घरात कधी अभद्र शब्द येऊ दिला नव्हता. बांगडी फुटली म्हणायची सोय नाही, वाढली म्हणायचं. कामावर मास्तर चारचौघांसारखं बोलत, पण दचकले, घाबरले की आईचं बोलणं तोंडात येई. आणि अलीकडे ते फार लवकर घाबरत.

“तो येणार आहे म्हणे,” काचा गोळा करणाऱ्या तिच्या हातांकडे बघत मास्तर म्हणाले.

“दुपारी येतील.”

“मी माझ्या खुर्चीत बसेन. मला बोलायला लावू नकोस.”

तिनं मान डोलावली. तिलाही कुठे बोलायचं होतं?

नवरा गेला त्या दिवशी ती घरी होती. जे घडलं ते तिला दोघांनी सांगितलं, आणि दोघांनी वेगळं सांगितलं. बल्ब मधोमध बसलाय का हे दिसावं म्हणून दिव्यात मंद वीज सोडली होती. रंगमंचावर मास्तर, विंगेत, उजेड कमीजास्त करणाऱ्या डिमरपाशी, धाकटा दीर. वर नवऱ्याला झटका बसला, तो ओरडला. मास्तर ओरडले. आणि मंद पेटलेला दिवा बंद व्हायच्या ऐवजी लख्ख पेटला. मंद विजेनं नुसतं झटकलं असतं, पुऱ्या विजेनं माणूस धरून ठेवला.

“मी बंद कर म्हणालो,” असं मास्तर म्हणाले.

“मला वाढव म्हणाले,” असं भाऊजी म्हणाले.

पोटचा पोर दिव्यात अडकलेला असताना कुठला बाप वाढव म्हणेल? शिवाय आदल्याच आठवड्यात दोघा भावांचं कडाक्याचं भांडण झालेलं. लोकांना आणखी काय हवं होतं? चौकशीत अपघात ठरला, पण गल्लीनं आपला निकाल केव्हाच दिला होता. भाऊजी गाव सोडून गेले. बापलेकांत त्यानंतर शब्द नव्हता. आणि मास्तर खोटं बोलत नाहीत हे ती लग्न होऊन आल्यापासून बघत होती, त्यामुळे तिचाही निकाल ठरलेलाच होता.

पण नाटकगृहातला डिमर होता जुना, दांड्यांचा. तो हळुवार चालवणारा माणूस आता एकच उरला होता. मॅनेजरनं त्यालाच बोलावून घेतलं. दिवे टांगण्याआधी आज चाचणी होती. डिमरवर भाऊजी, आणि दिव्यात हात तिचा.

नाही म्हणता आलं असतं. मैत्रिणीनं तर तिला वेड्यात काढलं होतं. पण त्या माणसाचा हात दांड्यावर एकदा बघायचाच होता तिला. चूक होती की मुद्दाम होतं, हे त्या हाताकडे बघून कळेल अशी काहीतरी खुळी आशा तिनं धरली होती. आणि भीतीही तितकीच वाटत होती.

भाऊजी आले ते चपला दाराबाहेर काढून तिथेच थांबले. केस पार पांढरे झाले होते.

“वहिनी, बऱ्या आहात ना?”

“आहे. या.”

मास्तरांनी तोंड खिडकीकडे केलं. भाऊजींनी त्या पाठीकडे पाहिलं, मग म्हशीकडे.

“हीसुद्धा लावायची?”

“सगळेच दिवे हवेत म्हणाले.”

“भंगारात द्यायची होती, वहिनी.”

“नाही दिली,” ती म्हणाली. आवाज तिच्या मनात होता त्यापेक्षा कडक निघाला.

चाचणीसाठी डिमरचा एक दांडा आणून बाकावर बसवला होता. तिनं स्टूल मुद्दाम असं मांडलं की दांडा अगदी समोर दिसावा. एकेक दिवा लागत गेला, समोर टांगलेल्या पडद्यावर गोल उजेड पडत गेला. भाऊजी दांडा असा सरकवत होते की उजेड कधी वाढला ते कळू नये. हाताला वळण तेच होतं, घराण्याचं. मास्तरांनी मान जराशी वळवून पाहिलं आणि पुन्हा खिडकीकडे केली.

मग म्हशीची पाळी आली.

तिनं हात आत घातला. घामानं पत्रा बोटांना चिकटत होता.

“थोडी सोडा.”

दांडा किंचित वर गेला. आतली तार तांबूस झाली. तिनं होल्डर डावीकडे सारला. डोळे मात्र समोरच्या मनगटावर होते. मनगट स्थिर होतं.

“अजून थोडी.”

तार पिवळी झाली, पत्रा ऊन लागायला लागला. आणि एकदम आतून करपट वास आला. सकाळी इतक्यांदा तपासताना पुसायची चिंधी तिच्याच हातून आत राहिली होती. तिला ते कळेपर्यंत फटीतून धुराचा भपका आला आणि ती किंचाळली.

खुर्ची पडल्याचा आवाज झाला. मास्तर उभे होते, दोन्ही हात वर करून.

“अरे वाढव! वाढव तो दिवा! वाढव!”

तिचा हात अजून आतच होता. काढायचं सुचलंच नाही. तिला फक्त दांड्यावरची मूठ दिसली, आणि त्या क्षणी तिनं सगळी आशा सोडून दिली.

मूठ खाली गेली. ताडकन, विचार करायला थांबलीच नाही. दिवा काळा पडला.

“हां,” मास्तर म्हणाले. छातीवर हात ठेवून ते धापा टाकत होते. “कितीदा सांगायचं रे? वाढव म्हटलं की लगेच वाढवावा.”

इतक्या वर्षांत बाप लेकाशी पहिल्यांदा बोलला होता.

तिनं हात बाहेर काढला. पंजावर लाल डाग उठला होता, तो तिला जाणवत नव्हता. वाढव म्हणाले आणि हात खाली गेला. बांगडी फुटत नाही, वाढते. दिवा विझवायचा नाही, वाढवायचा. दोघांनीही तिला खरं तेच सांगितलं होतं, आणि तिनं एकालाच खरं मानलं. तिला रडावंसं वाटलं, पण रडू कुणासाठी हे ठरेना.

मास्तर वाकून खुर्ची उचलत होते. ती बाकापाशी गेली.

“तुम्हाला कधी कळलं?” तिनं हळू आवाजात विचारलं.

भाऊजी दांड्यावरचा हात काढायला तयार नव्हते.

“तिकडे गेल्यावर. घरमालकीण म्हातारी होती. बाहेर निघताना म्हणाली, दिवा वाढव रे. मी आणखी एक लावला. ती केवढी हसली.” ते थांबले. “मला काही दिवस जेवण गेलं नाही.”

“मग सांगितलं का नाहीत?”

“कुणाला, वहिनी?”

तिनं मागे पाहिलं. मास्तर खुर्चीत बसून कापणारी बोटं एकमेकांत अडकवत होते. थोरल्याच्या मागे ते कशाच्या आधारानं जगले, ते तिला ठाऊक होतं. मी बंद कर म्हणालो होतो, हे वाक्य ते अजून झोपेतही बोलत.

“काय कुजबुजताय रे दोघं?” मास्तरांनी विचारलं. “दिवा नीट वाढवलात ना?”

भाऊजींनी तिच्याकडे पाहिलं नाही. ते दांड्याकडे बघत राहिले.

“वाढवला, बाबा,” ती म्हणाली.

मास्तरांनी समाधानानं मान हलवली. तिनं जळकी चिंधी चिमट्यानं बाहेर काढली, दाराबाहेर टाकली. मग स्टूल उचलून पलीकडच्या बाजूला ठेवलं, भाऊजींकडे पाठ करून त्यावर बसली आणि हात पुन्हा आत घातला.

“सोडा, भाऊजी,” ती म्हणाली.