थेंबाथेंबाने

चष्मेवाल्याने दुकान मुलाच्या गळ्यात मारलं आणि घराच्या मागच्या खोलीत रसायनांचा पसारा मांडला. हौसेला मोल नसतं म्हणतात, पण थोडी अक्कल तरी असावी! बायकोची विटलेली शाल त्याला पुन्हा पिवळीधमक करायची होती, तीही स्वतः बनवलेल्या रंगाने. बाजारात असला रंग कुठेही मिळाला असता. तिला मात्र पत्ता लागू द्यायचा नव्हता. "आत काय चाललंय?" असं तिने विचारलं की तो म्हणे, "काही नाही गं, भिंगं धुतोय."

काम मोठं चिवट. बर्फात बसवलेल्या काचेच्या भांड्यातल्या मिश्रणात वरून आम्ल थेंबाथेंबाने पडायचं आणि मोटरवरची दांडी ते सतत ढवळत राहायची. दांडी थांबली तर आम्ल तळाशी साचणार. मग ते एकदम ढवळलं, की भांडं, खोली, माणूस, सगळ्यांचाच निकाल. हे त्याला पाठ होतं. पोटात कावळे ओरडले तरी तो खुर्ची सोडत नसे.

बायकोचाही एक नेम होता. रिकाम्या खोलीत काही चालू दिसलं, की बटण बंद. तो पाणी प्यायला उठला तरी मागे पंखा थांबलेला असायचा. त्याने "अगं!" म्हटलं, की लगेच, "घ्या, केला चालू!" हा जुनाच खेळ होता, आणि खरं सांगायचं तर दोघांनाही तो आवडायचा.

त्या दुपारी बर्फ भराभर वितळला आणि भांड्यातल्या तापमापीचा पारा वर सरकू लागला. आत्ता जातो, आत्ता येतो, म्हणत तो पातेलं घेऊन शेजारी बर्फ मागायला निघाला. थेंबांची तोटी बंद करावी असं मनात आलं होतं, पण पुन्हा वेग जुळवायचा म्हणजे जीव मेटाकुटीला येतो, म्हणून राहू दिली. शेजारणीने बर्फ दिला, पण आधी गुडघेदुखीची कहाणी ऐकवली.

परतताना मोटरची घरघर ऐकू आली नाही. तो धावत दारात पोचला तर दांडी निश्चल, थेंब मात्र पडतच होते. भांड्याच्या तळाशी जड, नितळ थर बसला होता. बायको बटणाजवळ उभी होती, खांद्यावर तीच शाल.

 हात लावू नकोस, बाहेर ये, एवढंच त्याला सांगायचं होतं. तोंडातून निघालं ते रोजचंच.

"अगं!"

"घ्या," बटण दाबत ती हसली, "केलं चालू!"