वर बघणारा आरसा

मी एक जुना आरसा आहे. पण मित्रांनो, माझ्यात बघून भांग पाडायला याल तर खबरदार! माझा कुणावर विश्वास उरलेला नाही.

बेंगळूरच्या मानसिंग काचवाल्याने मला घडवलं. आकार उपड्या बशीसारखा फुगीर, अंगावर चौकोनी घरं कोरलेली. झाडाखाली मला आडवं धरलं की वरच्या फांद्या माझ्यात दिसत. पानांनी किती घरं भरली ते मोजलं की रान दाट की विरळ ते ठरे. पूर्वी जंगलखात्याचे साहेब लोक नुसत्या अंदाजाने ठोकून देत, म्हणून माझं फार कौतुक झालं. मीही शेफारलो होतो.

मग मी प्रतापरावांच्या हाती पडलो. ते झाडं मोजणारे साहेब, आणि त्यांचा देव एकच, मार्चअखेर! सगळी मोजणी त्याआधी संपायला हवी. म्हणून ते निघत ऐन पानगळीत. रानं उघडीबोडकी, आणि हे माझ्यातलं आभाळ मोजत फिरत. अशा माणसाची मला मनापासून चीड येई.

बासष्ट साली आम्ही देवनहळ्ळीजवळच्या करंजाच्या राईत गेलो. तिथे वसाहत व्हायची होती. निम्म्याहून कमी घरं भरली तर राई विरळ ठरणार आणि तुटणार. राईला लागून सकवारबाईचा तेलाचा घाणा होता. ह्याच करंजांच्या बियांवर तिचं घर चालत होतं.

ती धावत आली. "अण्णा, स्वल्प थांबा. उगादीला, म्हणजे तुमच्या पाडव्याला या. पालवी फुटली की ऊन खाली उतरत नाही."

"उगादीपर्यंत कागद थांबत नाहीत, अक्का."

तेवढ्यात प्रतापराव माझ्यावर वाकले आणि त्यांचं टक्कल माझ्यात चमकलं. सकवारबाईने ते पाहिलं. "तुमच्या डोक्यावर केस नाहीत, म्हणून तुम्हाला कुणी पाडतं का?"

साहेबांचे कान लाल झाले. त्यांनी डोकं मागे घेतलं, घरं मोजली आणि राई विरळ ठरवली. माझ्यात खरोखर आभाळच होतं हो! खरं तेच दाखवून मी त्या माणसाच्या उपयोगी पडलो, ह्याचा संताप आजही जात नाही.

आठवड्याभरात कुऱ्हाडी चालल्या. उगादी झाल्यावर वसाहतीची आखणी पाहायला साहेब पुन्हा आले. सवयीने त्यांनी मला बाहेर काढलं. वर नुसतं पांढरं ऊन होतं. सकवारबाईचा घाणा बंद पडला होता. ती पुढे आली, तिने साहेबांच्या हातातून मला घेतलं आणि उलटं करून खाली धरलं.

जन्मभर मी वरच पाहत आलो होतो. खाली आडव्या पडलेल्या ओंडक्यांना पोपटी पालवी फुटली होती. तोडलेल्या झाडांना आपण मेलो हे अजून ठाऊकच नव्हतं. माझं एकही घर रिकामं राहिलं नाही.

"आता मोजा," सकवारबाई म्हणाली.

प्रतापरावांनी मोजलं नाही. त्यांनी मला पेटीत घातलं, आणि तेव्हापासून मी कपाटात सडतोय.

मित्रांनो, मला पुसू नका, जपू नका, माझी कीव तर मुळीच करू नका. कुठलं बोडकं झाड मेलं असं म्हणायच्या आधी तेवढी एक उगादी जाऊ द्या.