सुई नसलेलं यंत्र

आमच्या ह्यांनी ते यंत्र घ्यायचं ठरवलं तेव्हाच माझ्या मनात पाल चुकचुकली. जो माणूस वर्षभर गिऱ्हाइकांना सांगत आला की लेझरवर वाजतं ते संगीत नव्हे, नुसती आकडेमोड, तोच माणूस एका गुरुवारी घरी येतो आणि कोट काढता काढता म्हणतो, "उद्या सीडी प्लेयर येतोय. मागेच सांगून ठेवलाय. जोडून द्यायला दुकानातून कोणीतरी येईल."

"अहो, असं अचानक? कुणी डोकं फिरवलं तुमचं?" मी विचारलं.

उत्तर नाही. मी शेगडीकडे तोंड करून माशाला तेल लावत होते. वळून पाहिलं तर हे आरशासमोर उभे राहून ओठ हलवत होते. ह्या वयात आरसा! गुरुवारी आमचं दुकान बंद असतं, आणि गेले काही महिने दर गुरुवारी हे रेकॉर्ड बघायला म्हणून बाहेर पडतात आणि रिकाम्या हातांनी परत येतात. बायकोला ह्यातून काय कळायचं ते कळतं.

मात्सुयामात ट्रामच्या वळणावर आमचं कॉफीघर आहे. तिथे फक्त जॅझ ऐकायचा. भिंतीवर ह्यांच्याच हातची पाटी आहे, ‘बोलू नये’. गिऱ्हाईक येतं, कॉफीच्या यादीच्या कार्डावर बोट ठेवतं, कॉफी घेतं आणि डोळे मिटून बसतं. मी मागच्या खोलीत भिंतीकडे तोंड करून कॉफी गाळते. सगळं दुकान ह्यांच्या कानावर उभं आहे. सुई झिजायला लागली की मास्टरना, म्हणजे ह्यांना, सगळ्यांच्या आधी कळतं, असं ओसाकाहून येणारे शौकीनसुद्धा म्हणतात. ह्यांचं चित्त दुसरीकडे गेलं तर दुकान जाईल, आणि दुकानासोबत माझा संसारही. मला त्याचीच भीती होती.

आणि चित्त दुसरीकडे होतंच. मागच्या महिन्यात एक रेकॉर्ड खाचेत अडकली. तोच तुकडा पुन्हा पुन्हा, पुन्हा पुन्हा, आणि हे शांतपणे कप पुसत उभे. शेवटी मीच धावत येऊन सुई उचलली. ट्राम चालवून निवृत्त झालेले आमचे जुने गिऱ्हाईक इसोगाईसान निघताना दाराबाहेर मला म्हणाले, "वहिनी, मास्टरचं लक्ष कुठाय हो हल्ली?"

"तुम्हाला कळलं तर मलाही सांगा," मी म्हटलं.

तेव्हापासून मी पाळत ठेवली. कोणी बाई कार्ड परत द्यायला काउंटरशी आली की हे टक लावून तिच्या तोंडाकडे बघायचे. डोळ्यांकडे नाही, थेट ओठांकडे! मला तर मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

शुक्रवारी सकाळी खोकं घेऊन यंत्राच्या दुकानातली माणसं आली, तर त्यांत जोडणारी म्हणून कुवाबारा नावाची पोरगी. गालावर खळी, ओठांना लाली. हमाल खोकं ठेवून गेले आणि ती कामाला लागली.

"लगेच लावायचं नाही हं, मास्टर," ती म्हणाली. "बाहेर गारठा आहे आणि इथे स्टोव्ह पेटलाय. आतल्या भिंगावर दव धरतं. तासभर तसंच राहू दे."

हे तिच्या ओठांकडे बघत मान हलवत होते.

"म्हणजे तासभर बसायचं निमित्त," मी आतून पुटपुटले.

मी कॉफी दिली, पण साखर मागेपर्यंत दिली नाही. तास झाल्यावर तिने यंत्र उलटं करून पोटातला लाल स्क्रू काढला. "प्रवासात भिंग हलू नये म्हणून हा घट्ट बसवलेला असतो. काढल्याशिवाय वाजवलं तर बिघडेल. आणि जपून ठेवा, दुसरीकडे न्यायचं झालं तर परत लावायचा." मग यंत्र ॲम्प्लिफायरवर न ठेवता वेगळ्या सपाट फळीवर ठेवलं, कारण खालून गरम हवा लागता कामा नये. वायरी मागे जोडल्या. "झाकण उघडून आत डोकावायचं नाही, त्या प्रकाशाने डोळे जातील. चकती कडांनी धरायची. आणि सगळ्यांत महत्त्वाचं, आवाज आधी कमी ठेवा. रेकॉर्डला सुरुवातीची खरखर असते, हिला काहीच नसतं. शांत आहे म्हणून वाढवत गेलात तर एकदम दणका बसेल आणि स्पीकर फाटतील."

"कमी ठेवतो," हे म्हणाले. माझ्या दहा प्रश्नांना एक उत्तर नाही, आणि तिच्या शब्दाशब्दाला होकार!

तिला दारापर्यंत सोडताना मी गोड आवाजात विचारलं, "काय गं, तुमच्या दुकानाला सुट्टी कधी असते?"

"गुरुवारी, काकू."

माझ्या पायाखालची जमीन सरकली.

हे दूध आणायला गेले तेव्हा मी रागारागाने ॲम्प्लिफायरपाशी गेले. त्या भवानीने आमच्या जुन्या वायरी तोडल्या नाहीत ना, ह्याचाही मला संशय होता. रेकॉर्ड की सीडी ते निवडायचं गोल बटण रेकॉर्डवर फिरवलं, एक रेकॉर्ड लावली. ठणठणीत वाजली. रेकॉर्ड काढून जागेवर ठेवली आणि आत गेले. बटण तसंच राहिलं. आयुष्यभर ते तिथेच असायचं.

दुपारी दुकान भरलं. नव्या यंत्राची बातमी सगळीकडे गेली होती. ह्यांनी चकती कडांनी धरून आत सरकवली, आवाज कमी ठेवला आणि बटण दाबलं. हिरवे आकडे पळायला लागले. हे डोळे मिटून काउंटरला टेकले आणि त्यांचा पाय नेहमीसारखा ठेका धरू लागला.

दुकानात चिडीचूप होतं. स्टोव्हवरच्या किटलीची वाफ तेवढी ऐकू येत होती. गिऱ्हाइकं एकमेकांकडे बघू लागली, पण पाटीमुळे कोणी तोंड उघडेना. इसोगाईसाननी मान वळवून माझ्याकडे पाहिलं. त्यांच्या चेहऱ्यावर भीती होती.

मी ह्यांच्या मागून गेले आणि बटण सीडीवर फिरवलं. पियानो मधूनच सुरू झाला, संथ, आमच्या दुकानात कधी वाजला नसेल इतका स्वच्छ. ह्यांचा पाय मात्र आपल्याच चालीने पडत राहिला. थबकला नाही, बदलला नाही.

आरसा, ओठ, अडकलेली रेकॉर्ड, सगळं एकदम कळलं, आणि त्यात बाई कुठेच नव्हती. सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. रडूच आलं.

मी त्यांची बाही धरली. त्यांनी डोळे उघडले. मी अगदी समोर उभी राहिले आणि आवाज न करता नुसते ओठ हलवले, "कधीपासून?"

त्यांनी माझ्या ओठांवर नजर रोखली. मग बोलले, मोठ्याने, सगळ्या दुकानाला ऐकू जाईल असे. "वर्ष होऊन गेलं. आता काहीच ऐकू येत नाही."

"गुरुवारी?"

"ओठ वाचायला शिकवतात तिथे जातो. सुई अडकली तरी मला कळत नाही, म्हणून हे घेतलं. ह्याला सुईच नाही."

"मला का नाही सांगितलंत?"

"सांगून तू काय म्हणाली असतीस ते मला कळलं नसतं," ते म्हणाले. "गिऱ्हाइकांचे ओठ वाचता येतात. त्या पोरीचे येतात. तुझेच येत नाहीत, फुसाए. तू नेहमी पाठ करून बोलतेस."

कोणी मान वळवून पाहिलं नाही. सगळे डोळे मिटून बसले होते.

ह्यांनी स्पीकरकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "वाजतंय ना नीट?"

"वाजतंय," मी त्यांच्याकडे तोंड करून म्हटलं.